आजीला सन विचारू नका

कोकणातल्या शाळा-कॉलेजांत दर वर्षी 'आपल्या गावाचा इतिहास' नावाचा प्रकल्प होतो, आणि बहुतेक वह्या उघडल्या की आत तेच ते असतं. गावाचं नाव कसं पडलं, ग्रामदैवत कोणतं, देऊळ किती जुनं, लोकसंख्या किती, एसटीच्या फेऱ्या किती. शेवटच्या पानावर ग्रामपंचायतीचा फोटो चिकटवलेला. गावातली ऐंशी-नव्वदीची माणसं ह्या वहीत आलीच तर 'जुन्याजाणत्या व्यक्तींच्या मते' एवढ्यापुरती येतात, आणि ते मतही देऊळ पांडवांनी एका रात्रीत कसं बांधलं ह्याबद्दलचं असतं.

ह्या माणसांना बोलतं करायचं, त्यांनी स्वतः पाहिलेलं-भोगलेलं त्यांच्याच आवाजात नोंदवायचं, आणि ती नोंद पुढच्या कोणालाही तपासता येईल अशी जपून ठेवायची, ह्याला मौखिक इतिहास म्हणतात. नाव जड, काम वरकरणी अगदी सोपं. फोन समोर ठेवा, विचारा, ऐका. पण त्यात पाय घसरायच्या काही ठरलेल्या जागा आहेत, आणि हुशार मुलंच तिथे जास्त घसरतात, कारण ती प्रश्न घरून पाठ करून येतात.

आधी एक घोळ निस्तरू. शालेय पुस्तकात इतिहासाची साधनं शिकवताना भौतिक, लिखित आणि मौखिक असे प्रकार सांगतात. त्यातल्या मौखिक साधनांत जात्यावरच्या ओव्या, लोकगीतं, पोवाडे, दंतकथा, म्हणी येतात. ही झाली मौखिक परंपरा. तिचा कर्ता कोणी एक नसतो, ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी फिरत आलेली असते. मौखिक इतिहासात मात्र समोर एक जिवंत माणूस असतो, त्याचं नाव-गाव आपल्याला माहीत असतं, आणि तो 'मी तिथे होतो' म्हणू शकतो. शिमग्यातलं नमन ही परंपरा झाली. त्या नमनात चाळीस वर्षं मृदंग वाजवलेल्या माणसानं, मंडळी मुंबईला गेल्यावर खेळे कसे उभे राहायचे हे सांगितलं, तर तो मौखिक इतिहास.

ह्याच रेषेवर दुसरी एक रेष आहे, पाहिलेलं आणि ऐकलेलं ह्यांच्यामधली. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 साली खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदारांविरुद्ध, संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. संप 1939 पर्यंत चालला, म्हणजे इतकी वर्षं शेतकऱ्यांनी खोताच्या जमिनी कसल्याच नाहीत. तो संप कळत्या वयात पाहिलेलं माणूस आज भेटणं जवळपास अशक्य. आज कोणी त्याबद्दल सांगेल ते आई-आजीकडून ऐकलेलं. ते टाकून द्यायचं नाही, फक्त नोंद करताना 'आजीकडून ऐकलेलं' असं स्वच्छ लिहायचं. उलट खोती रद्द करणारा कायदा 1949 चा. त्या वेळी दहा-बारा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या घरात आहे आणि खोताच्या अंगणात आपला बाप कुठे उभा राहायचा, हे ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकतं. अशी माणसं आता प्रत्येक गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

हे शास्त्र म्हणून उभं राहिलं ते अमेरिकेत, 1948 साली, कोलंबिया विद्यापीठात. अ‍ॅलन नेव्हिन्स ह्या इतिहासकाराला वाटलं की टेलिफोन आल्यापासून मोठी माणसं पत्रं लिहीनाशी झाली, तेव्हा त्यांच्या मुलाखती घेऊन ठेवाव्यात. म्हणजे सुरुवात बड्या लोकांपासून झाली. पुढे टेपरेकॉर्डर स्वस्त झाले आणि गिरणी कामगार, खाणकामगार, बायका, स्थलांतरित ह्यांच्याकडे मौखिक इतिहास वळला. शाळकरी मुलांनीही हे काम नावाजण्यासारखं केलेलं आहे. 1960 च्या दशकात जॉर्जिया राज्यातल्या डोंगराळ भागातल्या हायस्कुलातल्या मुलांनी गावच्या म्हाताऱ्यांना लाकडी घर कसं बांधायचं, डुक्कर कसं खारवायचं असले प्रश्न विचारून 'फॉक्सफायर' नावाचं नियतकालिक काढलं, आणि त्या मजकुराची पुस्तकं देशभर खपली. प्रश्न नीट पाहा. 'तुमच्या काळातील जीवनमान कसे होते?' असं त्यात कुठेच नाही.

दळणवळणाची साधने

समजा, देवगडकडची एक मुलगी ऐंशी ओलांडलेल्या एका आजीकडे जाते. वहीत सरांनी तपासून दिलेली प्रश्नावली आहे.

"आजी, पूर्वी दळणवळणाची साधने कोणती होती?"
"बोट होती."
"तुम्ही बोटीने प्रवास केला आहे का?"
"केलंय तर."
"कसा होता तो प्रवास?"
"बरो होतो."

पाच मिनिटांत दोन पानं संपली आणि हाती काही नाही. आजी लपवत नाहीये. तिला परीक्षेचे प्रश्न विचारले, तिनं परीक्षेसारखी उत्तरं दिली. आता तीच मुलगी वही मिटून विचारते, "आजी, बोट बंदराला लागायची, की लांबच उभी रवायची?"

"लागतली खय? भायर उभी रवायची. मगे पडावात बसान जावचा लागायचा."

इथून गाडी सुटते. कोकणातल्या बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, सामान, आंब्याच्या पेट्या पडावातून, म्हणजे होडीतून, तिच्यापर्यंत न्याव्या लागत. तेव्हा विचारण्यासारखं किती निघतं पाहा. पडाव वर-खाली होत असताना शिडीवर पाय नेमका कधी टाकायचा? कडेवरचं पोर आधी कोणाच्या हातात द्यायचं? पडाववाला पैसे चढायच्या आधी घ्यायचा की नंतर? रात्री बोट आली तर ती आल्याचं वाडीत कळायचं कसं? लुगडं भिजलं तर मुंबईपर्यंत तसंच बसायचं? उलटी होऊ नये म्हणून बरोबर काय घ्यायचे? बोटीवर कोण कुठे पथारी टाकायचं, आणि कोणाच्या शेजारी कोणी टाकायची नाही?

ह्यातलं एकही उत्तर बोट कंपनीच्या कागदांत सापडणार नाही. कंपनीच्या दप्तरात बोटीचं टनेज आहे, वेळापत्रक आहे, भाडं आहे. शिडीवर पाय टाकताना पोटात येणारा गोळा तिथे नाही. म्हणून, जे कागदावर मिळतं ते माणसाला विचारून त्याचा वेळ खायचा नाही, हा पहिला नियम. लोकसंख्या तलाठ्याकडे किंवा जनगणनेत मिळेल. आजीकडे पडाव मागा.

दुसरं, आजीच्या तोंडात नसलेला शब्द प्रश्नात घालू नका. 'दळणवळण', 'उदरनिर्वाह', 'सामाजिक परिस्थिती' हे शब्द ऐकले की माणूस सावरून बसतो आणि भाषण सुरू करतो. तिसरं, एका वेळी एकच प्रश्न. आणि चौथं, मुलांना सगळ्यात अवघड जाणारं: उत्तर संपलंसं वाटलं की मनात पाच आकडे मोजून मगच पुढचं विचारा. म्हातारी माणसं गप्प होतात तेव्हा बरेचदा पुढचं आठवत असतात. तुमचा पुढचा प्रश्न त्या आठवणीवर जाऊन आदळतो.

हीच गोष्ट रापणीची. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण म्हणजे सगळ्या वाडीचं काम. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर धरायचं, होडीनं अर्धगोल फिरून जाळं सोडत दुसरं टोक किनाऱ्यावर आणायचं, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं. रापणकराला 'पूर्वी मासे किती मिळायचे?' विचारलं तर 'भरपूर' असं उत्तर येणार आणि त्यामागोमाग ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांना शिव्या येणार. शिव्या रास्त असतील, पण नवीन काही कळत नाही. त्याऐवजी, बांगड्याचा थवा किनाऱ्यावरून कसा ओळखायचा? पाण्याचा रंग बदलतो का, पक्षी काय करतात? हाळी कोण द्यायचं? वाटे पाडायला कोण बसायचं? होडीचा वाटा किती, जाळ्याचा किती? आणि ज्या घरात ओढायला माणूसच उरला नाही त्या घरी वाटा जायचा का? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर एका वाडीनं आपल्या विधवांना आणि म्हाताऱ्यांना कसं सांभाळलं, किंवा नाही सांभाळलं, ते समोर येतं. तेही मासे मोजता मोजता, कोणाला शरमिंदं न करता.

सन चुकतो, मग?

आता शीर्षकातल्या मुद्द्याकडे. मुलं सगळ्यात जास्त विचारतात ते साल, आणि स्मृतीचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे सालच. मग मुलं दोनपैकी एक करतात. एक तर सांगितलेलं साल तसंच छापतात, नाहीतर साल चुकलेलं दिसलं की 'आजीला काही आठवत नाही' म्हणून सगळी मुलाखत बाद करतात. दोन्ही वाईट.

लोक साल लक्षात ठेवत नाहीत, घटना ठेवतात. कोकणात ह्या खुंट्या भक्कम आहेत. रामदास बोट बुडाली ते 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला. चिपळूण-खेडकडची त्या वयाची माणसं अंगावर काय पांघरलं होतं तेही सांगतात. कुलाब्याचा रायगड झाला आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, दोन्ही 1981 साली. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला 1998 च्या 26 जानेवारीला. चिपळूणचे महापूर 2005 आणि 2021 चे, दोन्ही जुलैतले. निसर्ग वादळ 3 जून 2020. तेव्हा 'कोणत्या साली?' ऐवजी 'भूकंपाच्या आधी की नंतर?', 'तेव्हा थोरला शाळेत जायला लागला होता का?', 'रेल्वेसाठी जमिनी मोजायला माणसं आली होती का तोवर?' असं विचारा. दोन खुंट्यांच्या मधली जागा सापडली की साल आपलं आपण काढता येतं. आणि मालवणचा म्हातारा आपल्या शाळेबद्दल 'रत्नागिरी जिल्ह्यात पहिला आलो' म्हणाला तर तो चुकलेला नाही. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं.

मानसशास्त्रज्ञांना असंही दिसलंय की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी सगळ्यात जास्त आणि ठसठशीत येतात. म्हणून पंचाऐंशीच्या आजोबांना मागच्या निवडणुकीपेक्षा पहिल्यांदा मुंबईला गेलो त्या दिवसाबद्दल विचारणं फायद्याचं.

पण समजा, खुंट्या लावूनही चूक राहिली. इथे इटलीतलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं शहर आहे. 17 मार्च 1949 ला तिथे नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत लुईजी त्रास्तुल्ली नावाचा एकवीस वर्षांचा कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. ही तारीख पक्की आहे, कागदोपत्री आहे. तरी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली हा अभ्यासक पुढे कामगारांशी बोलायला लागला तेव्हा एकामागून एक माणूस सांगू लागला की त्रास्तुल्ली गेला तो 1953 साली. त्या वर्षी कारखान्यानं हजारो कामगारांना एकदम घरी पाठवलं होतं आणि रस्त्यावर मोठ्या दंगली झाल्या होत्या. एकट्या-दुकट्याची चूक असती तर सोडून देता आली असती. इथे गावच्या गाव एकाच दिशेनं चुकत होतं. पोर्तेल्लीनं त्या चुकीचाच अभ्यास केला. लोकांच्या मनात नाटो दूरचा होता, नोकरी जाणं जवळचं. आपला एक पोरगा मेला तो अशा परक्या कारणासाठी मेला हे पचत नव्हतं, आणि तेव्हा आपण काहीच करू शकलो नाही ही बोचही होती. म्हणून मनानं त्याचा मृत्यू उचलून जिथे त्याला अर्थ लागतो तिथे नेऊन ठेवला. दिवस चुकला, पण तेर्नीच्या कामगारांना 1953 नं काय केलं, ते ह्या चुकीइतकं स्वच्छ दुसऱ्या कशातून दिसलं नसतं.

कोकणात असं काय होऊ शकतं? 1927 च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी 'रामदास'. एखाद्या घरात जयंतीवर गेलेल्या पणजोबांची गोष्ट नातवंडांपर्यंत येता येता रामदासला चिकटली, तर आश्चर्य नाही. मोठी आठवण धाकट्या आठवणीला पोटात घेते. अशा वेळी सांगणाऱ्याला मध्येच अडवून 'नाही हो आजोबा, इंटरनेटवर वेगळं आहे' म्हणायचं नाही. त्यांचं बोलणं होऊ द्यायचं, मग जुनी वर्तमानपत्रं, घरातली कुंडली, शाळेचा दाखला, मनीऑर्डरच्या पावत्या, देवघरामागची कागदांची पेटी ह्यांच्याशी ताडून पाहायचं, आणि मूळ बोलणं जसंच्या तसं ठेवून खाली आपली टीप लिहायची. सांगणाऱ्याचं वाक्य सुधारायचा अधिकार आपल्याला नाही.

रामदासच्या बाबतीत तर मला वाटतं, किती वाजता आणि किती माणसं हे आता आणखी कोणाला विचारूच नये. ते छापून आलंय. रेवस, पेण, अलिबागच्या बाजूला विचारायचं ते हे: बातमी आली कशी? ज्या घरी प्रेत आलंच नाही त्या घरानं दिवस कधी धरला, उत्तरकार्य कधी केलं? त्या बाईनं मंगळसूत्र कधी उतरवलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून? त्यानंतर किती दिवस लोक त्या मार्गानं गेले नाहीत?

कोणाला विचारायचं

मुलं गावात गेली की त्यांना ठरावीक दोन माणसांकडे पाठवलं जातं, निवृत्त गुरुजी आणि माजी सरपंच. दोघेही छान बोलतात, शुद्ध बोलतात, चहा-पोहे देतात. अडचण एवढीच की गावाचा जो इतिहास ते सांगतात तो गावानं आधीच मान्य केलेला असतो.

कोकणातलं गाव म्हणजे वाड्या. ब्राह्मणवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडा, कोळीवाडा, बौद्धवाडी, मोहल्ला. गावागणिक नावं बदलतील. एकाच दुष्काळाची, एकाच वादळाची, एकाच रस्त्याची गोष्ट प्रत्येक वाडीत वेगळी मिळते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, तो पाठ्यपुस्तकात आहे, त्याची तारीख सगळ्यांना ठाऊक. पण तुमच्या गावातली सार्वजनिक विहीर सगळ्यांना प्रत्यक्षात कधी मोकळी झाली? पहिली कळशी कोणी टाकली, त्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं? हे एकाही पुस्तकात नाही. ते बौद्धवाडीतल्या एखाद्या आजीला ठाऊक आहे, आणि बहुधा वरच्या वाडीतल्या एखाद्या आजोबांनाही. दोघांचं वेगळं वेगळं ऐका. जुळतं का बघायची घाई नको.

बायकांची मुलाखत हा आणखी एक स्वतंत्र उद्योग आहे. ओटीवर बसलात तर ती दोन वाक्यं बोलते आणि तिसरं वाक्य तिचा नवरा किंवा मुलगा पुरं करतो. 'अगो, तसा नाय तां' म्हणून. त्यासाठी मागल्या दारी जा. आमसुलं उन्हात घालताना, काजू फोडताना, भाजी निवडताना हात कामात असले की बोलणं मोकळं होतं. फोन बाजूला पडून असतो आणि विसरला जातो. मुलीनं विचारलं तर एक गोष्ट निघते, मुलानं विचारलं तर दुसरी. ओळखीच्याला एक सांगतात, परक्याला दुसरी. त्यात खोटेपणा नाही, पण मुलाखत कोणी घेतली हे नोंदीत लिहायचं ते ह्याचसाठी.

आणि कोकणच्या बाईकडे अशी एक गोष्ट आहे जी अजून पुरेशी कोणी विचारलेली नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत, लालबाग-परळ, अडीच लाखांच्या आसपास कामगार, ही गोष्ट मुंबईच्या बाजूनं बरीच लिहिली गेली. त्यातले कितीतरी कामगार रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. त्यांच्या गावातल्या घरी काय झालं? मनीऑर्डर थांबली तेव्हा किराणावाल्यानं उधारी किती महिने दिली? दागिना कोणता आधी मोडला? नवरा गावाला परत आला तेव्हा इतकी वर्षं एकटीनं शेती सांभाळलेल्या बाईला तो घरात, शेतात, बांधावर कसा वाटला? लावणी कोणाच्या शब्दानं व्हायची, तिच्या की त्याच्या? त्या वेळी पंचवीस-तिशीत असलेल्या बाया आज सत्तरीच्या आसपास आहेत आणि खडखडीत आहेत. विद्यार्थ्यांनी एकच विषय निवडायचा तर मी हाच निवडायला सांगेन.

फोन, पाऊस आणि फाइल

यंत्राबद्दल थोडक्यात. साधा फोन चालतो. तो विमान मोडवर टाका, सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर फडक्याच्या घडीवर ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करायला सांगा. समुद्रकाठी बसून रेकॉर्डिंग करायची हौस येते. नंतर फक्त वारा ऐकू येतो. पावसाळ्यात पत्र्याखाली तर नाव काढू नका. गणपतीत चाकरमानी आलेले असतात म्हणून मुलांना ती वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा घरात निवांत कोपरा नसतो आणि प्रत्येक वाक्यात चार जण भर घालतात. भात झोडून झाल्यानंतरचे दिवस बरे. सुरुवातीला आपल्याच आवाजात तारीख, गाव, वाडी, कोण बोलतंय, कोण विचारतंय एवढं बोलून घ्या. मध्ये 'हो का', 'बापरे' म्हणायच्या ऐवजी मान हलवा.

शक्य असेल तर फाइल वेव्ह प्रकारात घ्या. तासाभराचं एका चॅनेलचं चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग साधारण अर्धा जीबी होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रती तीन, त्यातल्या दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. दमट हवा आणि महापूर ज्या भागात नेहमीचेच आहेत तिथे एकाच कपाटातल्या एकाच पेनड्राइव्हवर विसंबणं म्हणजे काम पाण्यात घालणं, शब्दशः.

तासाभराचं बोलणं लिहून काढायला नवख्याला पाच-सहा तास लागतात. आपोआप लिहून देणारी साधनं आहेत, पण मालवणी, संगमेश्वरी, आगरी आली की ती गडबडतात; आजी म्हणते 'मगे' आणि पडद्यावर भलतंच काही उमटतं. सगळं लिहिणं जमत नसेल तर निदान वेळेची यादी करा: 12:40 पडाव, 18:05 सासूबरोबर पहिला मुंबई प्रवास, 31:20 पाळण्यातलं मूल आजारी. पुढचा माणूस थेट तिथे पोचतो. लिहाल ते मात्र बोललेल्या बोलीतच लिहा. 'पडावात बसान जावचा लागायचा' ह्याचं 'पडावातून प्रवास करावा लागत असे' झालं की आजी निघून जाते आणि तहसीलदार बोलू लागतो. रायगड जिल्ह्यात कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली एक वेगळीच भाषा हजारेक माणसं बोलतात. अशा ठिकाणी तर रेकॉर्डिंग हाच त्या भाषेचा कागद.

परवानगी म्हणजे नुसती सही नव्हे

फॉर्मवर सही घेतली म्हणजे परवानगी झाली, असं मुलांना वाटतं. सांगणाऱ्याला नीट कळायला हवं की हे कुठे ठेवणार, कोण ऐकणार, इंटरनेटवर टाकणार का, नाव देणार का. अक्षरओळख नसेल तर हेच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी विचारून त्यांचं उत्तर नोंदवा. नातवानं आजीच्या वतीनं दिलेली परवानगी चालत नाही.

कोकणात ह्याला विशेष धार आहे. बोलता बोलता गाडी जमिनीवर येते. सामाईक सातबारा, कुळाचा हक्क, भावानं भावाला न सांगता विकलेलं कलम, पालखीचा पहिला मान कोणाचा. ही निव्वळ जुनी आठवण नसते, त्यावर आज खटले चालू असतात. 'ती वरकस जमीन खरं तर त्यांचीच होती' असं आजोबा सहज बोलून जातात आणि तुम्ही ते यूट्यूबवर टाकता. आठ दिवसांत ती क्लिप वकिलाच्या फोनवर असते, आणि आजोबा घरात एकटे पडलेले असतात. म्हणून मुलाखत झाली की लगेच प्रसिद्ध करायची नाही. आठवडाभरानं परत जायचं, त्यांना त्यांचंच बोलणं ऐकवायचं आणि विचारायचं, ह्यातलं काय ठेवू, काय नको?

कोणी म्हणालं, एवढा भाग नको, तर लोकांसाठीच्या प्रतीतून तो वगळायचा. मूळ फाइल ठेवायची की नाही हेही त्यांनाच विचारायचं, आणि ठेवायची ठरली तर नोंदवहीत लिहायचं: '14:20 ते 19:05, सांगणाऱ्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या हयातीत बंद.' सगळंच पुसा म्हणाले तर समोर बसून सगळं पुसायचं. त्या विद्यार्थ्याचे प्रकल्पाचे मार्क मात्र कापायचे नाहीत, हे शिक्षकांनी वर्गात पहिल्याच दिवशी जाहीर करावं. नाहीतर मार्कांसाठी एखादं पोर फाइल पुसल्याचं नाटक करील आणि फाइल ठेवून देईल.